येडशीहून आलेली अंडी

महारुद्रानं टोपली दुकानाच्या पायरीवर आदळली. आत काहीतरी फुटलं आणि असा वास उठला, की गूळ घ्यायला उभी असलेली बाई पदर नाकाला लावून मागं सरली.

"घ्या अण्णा," महारुद्र म्हणाला. "तुमच्या शब्दावर घेतलेली अंडी. एकातबी जीव न्हाय निघाला."

त्याच्या मागं त्याची भावजय कडूबाई उभी होती. वाकून तिनं टोपलीवरचं गोणपाट सारखं केलं आणि पुन्हा मागं जाऊन उभी राहिली.

गुरुसिद्धप्पानं हातातली तागडी खाली ठेवली. नळदुर्गात मोटारीच्या अड्ड्यासमोर त्याचं किराण्याचं दुकान होतं. जातीनं लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. जन्मात कधी अंड्याला बोट लावलेलं नाही. पण आसपासच्या वाड्यावस्त्यांची मोटारीनं येणारी गाठोडी, डबे, औषधाच्या बाटल्या असं सगळं त्याच्याच दुकानी उतरायचं आणि घेणारा सवडीनं येऊन घेऊन जायचा. या कामाचा तो छदामही घेत नसे. 'अमानत हाय ती, तिला कसली हमाली,' म्हणायचा. त्यामुळंच की काय, कुणाचा बांध सरकला, कुणाचा बैल दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला, तर माणसं ठाण्याची पायरी चढण्याआधी अण्णाच्या कट्ट्यावर येत. ठाण्यात गेलं की दोघांचंही जातं, अण्णाकडं गेलं तर एकाचंच जातं, असं लोक म्हणत.

अंड्यांचं हे लचांड मात्र त्याच्याच तोंडून सुरू झालं होतं. पौषात बोरी नदीपलीकडच्या वस्तीवर मानमोडी आली. सकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या दुपारी माना वेळावून पडल्या. कडूबाईच्या सगळ्या कोंबड्यांतली एक तेवढी वाचली. तिचा नवरा सोलापूरला गिरणीत, घर दिराच्या हातात; त्या घरात कोंबड्या तेवढ्या तिच्या स्वतःच्या होत्या. पोरांची अंगडी, तेलमीठ, माहेरी जायचं मोटारभाडं, सगळं त्यांच्यावर भागायचं. ती दुकानी मीठ घ्यायला आली आणि मीठ घेता घेता तिचे डोळे भरले, तेव्हा गुरुसिद्धप्पाच बोलून गेला होता, "येडशीच्या गोरोबाकडं असील जातीची कोंबडी हायत म्हणं. मानमोडीत त्याचं एक पाखरू गेलं न्हाय. त्याला इचारतो."

गोरोबा रामलिंगाच्या रानातला डिंक गोळा करून वर्षाकाठी दोनदा त्याच्या दुकानी आणायचा. बोलणं ठरलं. कडूबाईनं माहेराहून मिळालेली दुभती शेळी द्यायची, गोरोबानं उबवण्याजोगी बारा अंडी मोटारीनं पाठवायची. महारुद्राला हे पसंत नव्हतं. "जातिवंत कोंबडं पाळणारा दुसऱ्याला जात वाढवू देईल व्हय? गरम पाण्यात बुचकळून देतात अंडी. वरनं दिसत न्हाय, आत मेलेलं असतंय." गुरुसिद्धप्पा हसला होता. "त्याच्या डिंकात कधी खडा निघाला न्हाय. म्या जामीन." त्या एका शब्दावर घरातलं दूध येडशीला गेलं, आणि चैत्रात टोपली आली.

"कोंबडी उठली असंल मधनंच," गुरुसिद्धप्पा आता म्हणाला.

"न्हाय उठली," कडूबाई पहिल्यांदा बोलली. "त्याच कोंबडीखाली शेजारणीची चार अंडी घातली होती, अण्णा. ती चारी फुटली. पिलं फिरतायत अंगणात."

"ऐकलं?" महारुद्र म्हणाला. "ऊब तीच, कोंबडी तीच. हितली गावठी निघाली आन् त्याची असील मेली. लहान पोर दुधावाचून रडतंय घरात. बोलवा त्या गोरोबाला. शेळी परत आन् वर त्यो कोंबडा पायजे. न्हाय दिला, तर येडशीला जाऊन त्याचं खुराडं पेटवतो."

तो नुसता बोलणारा माणूस नव्हता. मागच्या साली पाण्याच्या वादात त्यानं एकाचा हात मोडला होता.

"बोलावतो," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "पुढल्या बाजारी. टोपली तशीच ठिवा, काय टाकू नगा. आन् माझ्या कट्ट्यावर हात उचलायचा न्हाय."

ती दोघं गेली. टोपली उचलून नेताना तिच्यावरचं गोणपाट, त्याला मारलेलं निळ्या कापडाचं ठिगळ, त्यानं पाहिलं. ते ठिगळ त्यानं आधी पाहिलं होतं. ते उन्हात पाहिलं होतं.

जेवताना त्यानं गिरिजाबाईला विचारलं, "येडशीची टोपली आली, त्यो दिवस कंचा गं?"

"स्वामी आले होते पाद्यपूजेला, त्यो दिवस," ती म्हणाली. "कशाला?"

"उगं."

त्याला सगळं आठवलं. सकाळी मोटार आली तेव्हा घरात रांगोळ्या चालल्या होत्या. दुकान आणि घर यांत एकच दार. एरवी आलेला माल तो दुकानामागच्या कोठीत, ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला ठेवायचा. तिथं भर चैत्रातही गारवा असे. पण त्या दिवशी स्वामींची पावलं घराला लागायची होती, आणि टोपलीत अंडी. गिरिजाबाई दारातूनच म्हणाली, ही आत नको. त्यानं मोटारीवरच्या पोऱ्याला, दस्तगीरला, सांगून टोपली पडवीच्या टोकाला, पत्र्याखाली ठेवून घेतली. तेव्हा तिथं सावली होती. दुपारी पूजेला बसण्याआधी ओलेत्यानंच तो दारात आला, आणि त्याला दिसलं, की पडवीच्या टोकाला ऊन आलंय. पत्रा तापून वर हवा थरथरतेय, आणि निळ्या ठिगळाचं गोणपाट भर उन्हात आहे. आंघोळ झालेली होती. आता हात लावायचा कसा? कुणाला तरी सांगतो, असं मनाशी म्हणून तो आत वळला. मग पूजा, पंगत, स्वामींचा निरोप. महारुद्र टोपली न्यायला आला तेव्हा दिवस मावळतीला आला होता.

विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं, असं त्याच्या मनात येई. पण विसरण्याआधी त्यानं पाहिलं होतं.

तो आठवडा त्याला गोड लागला नाही. मग हळूहळू मनानं वाटा काढल्या. अंडी काय उन्हानं मरतात थोडी? कोंबडी तर उबेनंच उबवते. येडशीहून येताना घाटात हादरली असतील. गोरोबाचीच वाईट असतील. शेवटी माणूस आहे. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा त्याची जवळजवळ खात्री झाली होती, की पडवीचा आणि या प्रकरणाचा काही संबंध नाही.

दस्तगीरच्या हाती निरोप गेला होता तसा गोरोबा मोटारीतून उतरला. वाळून काटकी झालेला म्हातारा, डोक्याला मळकं पागोटं. लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं होतं, मोटार कोळशाच्या भट्टीवर चालायची. तिच्या काजळीनं त्याचं धोतर काळं झालं होतं. दस्तगीरनं त्याच्यामागं एक डालगं उतरवून दिलं. डालग्यात कोंबडा होता.

"ह्यो कशाला आणला, गोरोबाबा?" गुरुसिद्धप्पानं विचारलं.

"निरोपात आलं, लोक म्हणतायत की गोरोबाकडं कोंबडाच न्हाय, बाजारची अंडी विकतंय. म्हणलं दाखवावा." म्हाताऱ्यानं डालग्याचं झाकण काढलं. कोंबडा बाहेर आला आणि मान उंच करून उभा राहिला. लांब पाय, आखूड तुरा, छातीवर पिसं इतकी घट्ट की कातड्यासारखी दिसत होती. बाजारची माणसं थांबून पाहू लागली.

महारुद्र दोन चुलतभावांना घेऊन आला होता. तिघांच्या हातांत काठ्या होत्या. त्यानं कोंबड्याकडं एकदा पाहिलं, कमरेची सुतळी काढली, आणि कुणी काही बोलायच्या आत कोंबड्याचा पाय कट्ट्याच्या खांबाला बांधून टाकला.

"फैसला होस्तवर हितंच राहील."

"गाठ सैल करा जरा," गोरोबा म्हणाला. "पाय धरंल त्याचा." महारुद्रानं गाठ सैल केली नाही. कडूबाईनं पुढं होऊन केली.

टोपली मध्ये ठेवली गेली. गुरुसिद्धप्पानं उपरण्याचा शेव नाकाला लावला. "बोला," तो म्हणाला. "आधी महारुद्र."

महारुद्रानं सगळं सांगितलं. गावठी चार निघाली, ही बाराच्या बारा मेली. गरम पाण्याची गोष्टही त्यानं सगळ्यांसमोर बोलून दाखवली. माणसं माना हलवू लागली. तसं करणारे लोक असतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं होतं.

"आता तुमी, गोरोबाबा."

"म्या काय बोलू? अंडीच फोडू द्या."

म्हातारा उकिडवा बसला. एकेक अंडं तो कानाशी नेऊन हलवी आणि दगडावर टिचवी. गुरुसिद्धप्पानं तोंड फिरवलं, पण तो उठला नाही. काही अंडी सडून काळी पडली होती, त्यांतून काही कळण्यासारखं नव्हतं. काहींत नुसता पातळ झालेला बलक निघाला. ती गोरोबानं डावीकडं सारली.

"ह्यात जीवच धरला नव्हता," तो म्हणाला. "ही माझ्या माथी. एक नवी तलंग होती, पहिल्यांदाच अंड्यावर आलेली, कोंबड्याला धड लागू देत न्हवती. बारा भरावी म्हणून तिचीबी घातली. घालायला नको होती."

महारुद्र ताडकन पुढं आला. "कबूल झाला! ऐका, कबूल झाला!"

"थांब," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "उरलेली?"

उरलेल्या अंड्यांत, ती फुटली तशी, बलकावर तांबूस कडं दिसत होतं. काकणासारखं, बारीक. सगळ्यांत तेवढंच. पिलाचं ना डोकं, ना पाय.

"ह्यात जीव होता," गोरोबा म्हणाला. "उकळत्या पाण्यात घातली असती, तर हे कडं कशाला धरलं असतं? कोंबडीखाली गेल्यावर जीव दोनतीन रोज हलला, आन् सगळ्यांतला एकदमच गेला. कोंबडीचा दोष असता तर कुणी आधी गेलं असतं, कुणी मागनं."

"मग कशानं गेला?" कडूबाईनं विचारलं.

"ऊन लागलं असणार, बाई. अंड्याला वाटंत ऊन लागलं की आतला जीव वेळेआधी जागा व्हतो. मग गार झालं की अर्धा मरतो. तुमी कोंबडीखाली घातली तवाच ती अर्धी मेलेली होती. म्या पाठवली ती पहाटेच्या गारव्यात, कोंड्यात घालून. पुढलं मला ठावं न्हाय."

गुरुसिद्धप्पानं तळहात धोतराला पुसले.

"वाटंत म्हंजी मोटारीत," महारुद्र म्हणाला, आणि काठी दस्तगीरकडं वळवली. "मागं भट्टी पेटलेली असती. तिच्यापाशी ठेवलीस व्हय रं टोपली?"

दस्तगीर कोवळ्या वयाचा, नव्यानं लागलेला. तो मोटारीला टेकून तमाशा बघत होता, तो एकदम सरळ झाला. "न्हाय न्हाय. खुदा की कसम, पुढं ठेवली होती, डायवरच्या पायाशी. गोरोबाबांनी बजावलं होतं मला. हितं उतरवून अण्णांच्या ताब्यात दिली. इचारा अण्णांना."

सगळ्यांनी गुरुसिद्धप्पाकडं पाहिलं. त्या नजरांत संशय नव्हता. अण्णांनी हो म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच होतं.

दुकानामागच्या दाराला गिरिजाबाई येऊन उभी होती. बांगड्या वाजल्या म्हणून त्याला कळलं. "सुम्निर्री," ती हलक्या आवाजात म्हणाली. गप बसा. आपल्या घरच्या कानडीत बोललेलं ते बाहेर कुणाला कळलं नाही.

"दिली होती," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "सकाळी दिली होती." आणि मग त्याला स्वतःचाच आवाज पुढं जाताना ऐकू आला. नेहमीचा, संथ, फैसल्याचा आवाज. "ह्यात गोरोबाची लबाडी दिसत न्हाय. कडूबाईचीबी चूक न्हाय. मोटारीला भट्टी हाय. टोपली पुढं ठेवली तरी धग आत कोंडतीच. असल्या गाडीत असला माल घालायचा, म्हंजी असं व्हायचंच. वाईट अंडी गोरोबांनी भरून द्यावी. बाकीचं मोटारीवर."

माणसांत हुंकार उठला. फैसला बरा होता, कुणाला टोचणारा नव्हता. गोरोबानं सुस्कारा सोडला आणि तो कोंबड्याच्या पायाची गाठ सोडायला वाकला.

पण महारुद्राच्या हातातली काठी खाली आली नव्हती. दुधावाचून रडणारं पोर घरात होतं आणि राग कुठंतरी ओतायचाच होता. "मोटारीवर म्हंजी कुणावर? मोटार भरून देती व्हय? ह्यानं भरायचं." त्यानं दस्तगीरच्या सदऱ्याला धरलं. "चल धाराशिवला. तुझ्या सायबापुढं उभा करतो. अण्णांनी निवाडा दिलाय म्हणून सांगतो. बघू नोकरी राहती का."

दस्तगीरचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं महारुद्राकडं पाहिलंच नाही. तो गुरुसिद्धप्पाकडं बघत होता, शाळेतला पोर मास्तरकडं बघतो तसा.

"अण्णा, तुमी म्हणता म्हंजी तसंच असंल," तो म्हणाला. "माझ्याच ध्यानात राहिलं नसंल. घाटात एकदा मागं सरकवली असंल म्या. तसंच असंल."

गुरुसिद्धप्पा कट्ट्यावर बसला होता तो उठून उभा राहिला. कशासाठी उठलो, हे त्यालाही लगेच कळलं नाही. पोरगं खरं सोडून द्यायला तयार झालं होतं, आणि ते केवळ त्याच्या शब्दापायी. उद्या ते स्वतःलाच पटवील, की टोपली आपण भट्टीपाशी ठेवली. परवा सगळं गाव तसंच सांगेल. आणि सगळे म्हणतील, अण्णांनी सांगितलं म्हणजे खरंच.

"सोड त्याला," तो म्हणाला.

"अण्णा, तुमीच..."

"सोड म्हणतो ना! त्यानं टोपली पुढंच ठेवली होती. माझ्या हवाली केली तवा गोणपाट गार होतं. माझ्या पडवीत मेली ती अंडी."

दाराआडच्या बांगड्या एकदा जोरानं वाजल्या आणि थांबल्या.

"घरात स्वामी यायचे होते. अंडी आत नको म्हणून म्या ती भायेर, पत्र्याखाली ठेववली. दुपारी ऊन आलं. म्या बघितलं, ऊन आलेलं." त्यानं पडवीच्या टोकाकडं बोट केलं. "आंघोळ झाली होती, हात लावायचा नव्हता. कुणाला सांगावं म्हणलं, न्हाय सांगितलं. सांज होस्तवर टोपली उन्हात होती. गोरोबांनी कबूल केली ती अंडी त्यांची. बाकीची माझी."

महारुद्रानं दस्तगीरचा सदरा सोडला. आता त्याचा राग पुढं कुठं न्यावा, हे त्याला कळेना. गोरोबावर धावून जाणं सोपं होतं, दस्तगीरवर त्याहून सोपं. पण अण्णा? ह्याच कट्ट्यावर त्याच्या बापाच्या जमिनीचा तंटा मिटला होता.

"म्हंजी स्वामींचे पाय तुमच्या घरात, आन् आमची टोपली उन्हात," तो शेवटी म्हणाला. "आन् आता त्या पोराच्या गळ्यात घालत होता."

"व्हय," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "घालत होतो."

एक चुलतभाऊ खाली थुंकला. कोंबडा मध्येच मोठ्यानं आरवला, तेव्हा कुणीतरी दचकून हसलं आणि लगेच गप्प झालं. गर्दी एकेक करून पांगू लागली. हा निकाल ऐकायला कुणाला थांबायचं नव्हतं.

कडूबाई मात्र जागची हलली नाही. ती टोपलीशी बसली, फुटलेली टरफलं गोणपाटात गोळा करू लागली. "अण्णा," ती मान वर न करता म्हणाली, "तुमाला अंडी चालत न्हाईत, हे मला ठावं होतं. 'हे माझ्याच्यानं हुणार न्हाय, दुसरीकडं उतरवून घे,' असं आधी म्हणला असता, तर म्या सोता मोटारीला येऊन उभी राहिले असते. त्या उन्हात दिसभर उभी राहिले असते. तुमी घेतो म्हणलात म्हणून म्या घरी बसले."

उत्तरासाठी ती थांबली नाही; टरफलांचं गोणपाट गुंडाळून तिनं टोपलीत टाकलं.

बोलणी पुढं गोरोबानंच केली. वैशाखात अंडी पाठवण्यात अर्थ नाही, तो म्हणाला. पाठवली तर पुन्हा हेच. दसऱ्यानंतर पाठवतो, नव्या तलंगीची एकही घालणार नाही, आणि एवढं करूनही बाराला बारा पिलं निघतील असं कुणी धरून चालू नये. वाटेचा माल आहे, निम्म्याहून जास्त निघाली तर देवाची कृपा म्हणायची. "त्येवढं आधीच सांगायला पायजे होतं म्या," तो म्हणाला. "शेळी बघितली आन् बोललो न्हाय." शेळी त्यानं ठेवून घ्यायची की नाही, यावर थोडं ओढाताणीचं झालं. शेवटी ठरलं, की शेळी गोरोबाकडंच राहावी, आणि दसऱ्याची टोपली पोचेपर्यंत गुरुसिद्धप्पानं आपल्या म्हशीचं दूध रोज वस्तीवर पोचतं करायचं. महारुद्रानं ते ऐकलं, काठी खांद्यावर टाकली आणि चालू लागला.

दस्तगीर मोटारीवर चढला. गुरुसिद्धप्पा त्याच्याजवळ गेला, काही बोलावं म्हणून. पोरगं खाली बघत म्हणालं, "जाऊ द्या अण्णा," आणि भट्टीत कोळसा घालायला लागलं.

गिरिजाबाई कैक दिवस त्याच्याशी मोजकंच बोलली. स्वामींच्या नावाला बट्टा लावला, हे तिचं म्हणणं होतं. "स्वामींनी कुठं सांगितलं होतं टोपली उन्हात ठेवा म्हणून?" असं तो एकदा म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "तेच तर. लोक आता त्यांचंच नाव घेतील." आणि ते खरंही होतं, बाजारात तशी कुजबुज झालीच.

आणखी एक झालं. मोटारीनं येणारा माल कमी झाला. एकदम नाही, पण झाला. कुणी न्हाव्याच्या दुकानी उतरवू लागलं, कुणी स्वतःच येऊन थांबू लागलं. भांडणं घेऊन येणारे येत राहिले. मात्र फैसला ऐकल्यावर एखादा माणूस दोन प्रश्न जास्त विचारी, पूर्वी कुणी विचारत नसे. गुरुसिद्धप्पा उत्तरं देई. सुरुवातीला त्याचे कान तापत, पुढं सवय झाली.

दूध त्यानं चुकवलं नाही. गडी नसला की स्वतः नदी ओलांडून जाई. महारुद्र अंगणात असला तर आत निघून जाई, आणि चरवी कडूबाई घेई.

दसरा झाला आणि एका सकाळी दस्तगीरनं टोपली आणली. कोंड्यात मुरवलेली अंडी, वर ओल्या फडक्याची घडी. "कुठं ठिवू?" त्यानं दारातच विचारलं.

गुरुसिद्धप्पानं ती त्याच्या हातातून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. वजन त्याला वाटलं होतं त्याहून कमी भरलं. गिरिजाबाई आतल्या दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही, पण आडवीही आली नाही. तिच्या अंगावरून जाऊन त्यानं टोपली कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमागं ठेवली. मग विहिरीवर जाऊन आंघोळ केली आणि दुकानात येऊन बसला.

निरोप पोचताच कडूबाई भर दुपारी धावत आली. तो उठला, तसं तिनं हातानंच त्याला बसायची खूण केली आणि ती स्वतःच कोठीत शिरली. पोत्यांमागं वाकून तिनं फडकं उचललं, एकेका अंड्यावरून हाताची पालथी बाजू फिरवली. गुरुसिद्धप्पा दारात उभा राहून वाट बघत होता.

"गार हायत," ती म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि सावली धरून नदीच्या वाटेला लागली.